आगीत लिफ्ट का नको, आणि कधी हवी

लिफ्टशेजारच्या भिंतीवर ती पाटी ठरलेलीच: "आग लागल्यास लिफ्ट वापरू नका. जिन्याचा वापर करा." कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतात, वीज गेली तर आत अडकाल. हे खरं आहे, पण ते अर्धंच कारण आहे, आणि खरं तर त्यातल्या त्यात सौम्य. दुसरीकडे, इमारती पन्नास, साठ, शंभर मजले चढत गेल्या तसा याच पाटीने एक नवा प्रश्न उभा केला. साठाव्या मजल्यावर व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाने "जिन्याचा वापर करा" हे वाचून नेमकं काय करायचं? गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईने काय करायचं? धडधाकट माणसालाही साठ मजले उतरताना मध्येच बसावं लागतं, आणि तो बसला की मागची रांग थांबते.

म्हणून गेल्या वीसेक वर्षांत उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेत एक विचार हळूहळू रुजला आहे: आगीत माणसं बाहेर काढायला लिफ्ट वापरता येते, किंबहुना काही इमारतींत वापरायलाच हवी. मात्र ती लिफ्ट म्हणजे आपण रोज वापरतो ती नव्हे. बाहेरून तशीच दिसली तरी तिच्याभोवतीची इमारत वेगळी बांधलेली असते. हा फरक कळला की पाटी कुठे बरोबर आहे आणि कुठे अपुरी, हेही कळतं.

साधी लिफ्ट कुठे दगा देते

आधी शाफ्ट बघू. तळघरापासून गच्चीपर्यंत सरळ गेलेली उभी पोकळी आणि प्रत्येक मजल्यावर तिला फटी असलेला दरवाजा. इमारतीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असली की अशा पोकळीत ती आपोआप वर ओढली जाते. म्हणजे शाफ्ट हे इमारतीच्या मधोमध बांधलेलं धुराडंच. खालच्या मजल्यावर आग लागली तर धूर शाफ्टमध्ये शिरतो आणि वरच्या मजल्यांवरच्या फटींतून बाहेर पडतो, तोही जिथे आगीची झळ पोचलेली नाही अशा ठिकाणी. त्यात लिफ्ट वरखाली धावत असली तर ती पुढची हवा ढकलते आणि मागची ओढते. पिचकारीतल्या दट्ट्याचं काम ती नकळत करत असते.

लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला २१ नोव्हेंबर १९८० रोजी आग लागली, ती खालच्या कॅसिनोच्या मजल्यावर. ८५ माणसं गेली. त्यातली बरीच ज्वाळांपासून कितीतरी लांब, वरच्या मजल्यांवर होती. ती धुराने गेली, आणि तो धूर लिफ्टचे शाफ्ट, जिने आणि बांधकामातले सांधे यांतून वर पोचला होता.

दुसरी गोष्ट बटणाची. १९७०च्या सुमाराला नुसत्या स्पर्शाने चालणारी बटणं आली होती. त्यातली काही बटणं बोटाच्या आणि आगीच्या उष्णतेत फरक करू शकत नव्हती. आग लागलेल्या मजल्यावरचं बटण तापलं की लिफ्टला वाटायचं, इथे कुणीतरी बोलावतंय. ऑगस्ट १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या वन न्यूयॉर्क प्लाझा या ५० मजली इमारतीत हेच घडलं. लिफ्ट आगीच्या मजल्यावर जाऊन थांबली, दार उघडलं आणि आतले दोघे दगावले. शिवाय दाराच्या मध्ये कुणी आलं का हे बघणारा प्रकाशकिरण त्या काळी दाट धुरालाही माणूस समजायचा. मग दार बंदच व्हायचं नाही, आणि दार उघडं असलं तर लिफ्ट हलत नाही. म्हणजे यंत्रणा अगदी नियमाप्रमाणे चालत होती आणि नेमकी त्यामुळेच माणसं मरत होती.

तिसरी गोष्ट पाण्याची. आगीत लिफ्टला पाणीही नडतं, हे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. स्प्रिंकलरचं आणि होजचं पाणी मजल्यावर साचतं, उंबऱ्यावरून शाफ्टमध्ये ओघळतं आणि दरवाज्यांच्या कुलुपांवरच्या विजेच्या संपर्कांवर पडतं. तिथे शॉर्ट झालं की लिफ्टला दार बंद असल्याची खात्री पटत नाही आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थबकते.

या अनुभवांतून १९७०च्या दशकात नियम आला की धुराची वर्दी मिळताच सगळ्या लिफ्ट आपोआप तळमजल्यावर याव्यात, दारं उघडून तिथेच उभ्या राहाव्यात आणि कुणाच्या बटणाला दाद देऊ नये. धूर तळमजल्याच्या लॉबीतच असेल तर त्या दुसऱ्या ठरलेल्या मजल्यावर जातात. त्यानंतर किल्ली लावून लिफ्ट चालवायची ती फक्त अग्निशमन दलाने. किल्ली लावल्यावर लिफ्टचा स्वभावच बदलतो. मजल्यावर पोचली तरी दार आपोआप उघडत नाही. जवानाला बटण दाबून धरावं लागतं आणि दार पूर्ण उघडण्याआधी बोट उचललं तर ते पुन्हा बंद होतं. समोर धूर दिसला तर बोट काढायचं, बस. एवढं असूनही जवान शक्यतो आगीच्या मजल्यापर्यंत लिफ्टने जात नाहीत. दोनेक मजले अलीकडे उतरतात आणि पुढचं अंतर जिन्याने चढतात.

तरीही लिफ्टने वाचलेली माणसं

नियम लिहिले जात होते त्याच काळात एक घटना घडली, ती पाटीच्या दोन्ही बाजू एकदम दाखवते. १ फेब्रुवारी १९७४ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या जोएल्मा इमारतीला आग लागली. २५ मजले, आणि जिना एकच. तो थोड्याच वेळात धुराने भरला. लिफ्ट चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी फेऱ्या मारत राहून सुमारे ३०० माणसं खाली आणली. जिना बंद झालेल्या इमारतीत लिफ्टच काय ती वाट होती. पण त्याच आगीत लिफ्टने निसटू पाहणारे १३ जण आतच अडकून मेले. पावणेदोनशेहून जास्त बळी घेणाऱ्या त्या आगीत लिफ्टने शेकडोंना तारलं आणि १३ जणांना मारलं. याचा अर्थ काढताना जगाने दुसरी बाजू धरली आणि पाटी पक्की झाली. तेव्हा ते योग्यच होतं. विसंबून राहावं अशी लिफ्ट तेव्हा नव्हतीच.

हिरोशिमात ऑक्टोबर १९९६मध्ये २० मजली निवासी इमारतीला आग लागली. नंतर रहिवाशांना विचारलं, तेव्हा बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास निम्मे लिफ्टने उतरल्याचं निघालं. पाटी त्यांनाही ठाऊक होती. पण घाईच्या वेळी माणूस रोजच्या वाटेनेच जातो, आणि उंच इमारतीत रोजची वाट म्हणजे लिफ्ट.

मग आलं ११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर ८ वाजून ४६ मिनिटांनी विमान आदळलं आणि दक्षिण मनोऱ्यावर ९ वाजून ३ मिनिटांनी. मधल्या त्या १६-१७ मिनिटांत दक्षिण मनोऱ्यातल्या लिफ्ट चालू होत्या. बरेच लोक स्वतःहून निघाले, कुणी जिन्याने, कुणी लिफ्टने. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने नंतर केलेल्या तपासात म्हटलं की लिफ्ट चालू असल्यामुळे आणि लोक आपणहून निघाल्यामुळे सुमारे ३,००० जीव वाचले. उत्तर मनोऱ्यात विमान आदळताच जवळजवळ सगळ्या लिफ्ट बंद पडल्या. तिथे जिना हीच वाट उरली, आणि वाचलेल्यांना जिन्यात सरासरी एका मजल्याला ४८ सेकंद लागले. सरावात लागतात त्याच्या जवळपास दुप्पट.

मात्र दक्षिण मनोऱ्याच्या कथेतला एक तुकडा लिफ्टची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत. लिफ्ट बदलायची मोठी लॉबी ७८व्या मजल्यावर होती. दुसरं विमान आलं तेव्हा तिथे लिफ्टची वाट बघत गर्दी उभी होती आणि विमानाचा पंख त्याच मजल्यातून गेला. विमान आदळण्याची तयारी कुठलीच लॉबी करू शकत नाही, हे मान्य. पण एक गोष्ट मात्र त्यातून उघड होते. लिफ्टने सुटका म्हणजे आधी थांबणं, आणि माणसं थांबतात ती जागाच सगळ्यात नाजूक.

खरी कामगिरी लॉबीची

आगीत वापरायच्या लिफ्टबद्दल बोलताना लोक मोटर, वेग, बॅटरी यांबद्दल विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न लॉबीचा असायला हवा.

अशा इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोरची जागा म्हणजे नुसता पॅसेज नसतो. ती आग आणि धूर अडवणाऱ्या भिंतींची, आपोआप बंद होणाऱ्या दारांची वेगळी खोली असते. तिथून बाहेर मजल्यावर न जाता थेट जिन्यात जाता आलं पाहिजे, कारण लिफ्ट बंद पडलीच तर थांबलेली माणसं धुरात लोटली जाता कामा नयेत. अमेरिकी नियमांचं माप असं, की मजल्यावरच्या माणसांपैकी किमान पाव हिस्सा त्या लॉबीत मावावा, दर माणशी ३ चौरस फूट धरून. १०० माणसांच्या मजल्याला २५ जणांची, म्हणजे ७५ चौरस फुटांची जागा, आणि व्हीलचेअरसाठी वेगळी. ३ चौरस फुटांत माणूस उभा राहतो, सामान घेऊन नाही. बॅग मागे सोडून या, असं सांगतात त्यामागे हाही हिशोब असतो.

मग शाफ्ट. धूर आत येऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी पंख्यांनी शाफ्टमध्ये किंवा लॉबीत बाहेरची स्वच्छ हवा भरून दाब थोडा वाढवतात. फटीतून हवा बाहेरच्या दिशेने वाहत राहिली की धूर आत शिरू शकत नाही. ऐकायला सोपं, करायला कठीण. दाब कमी पडला तर धूर येतो, जास्त झाला तर लिफ्टची दारं सरकेनाशी होतात किंवा जिन्याचं दार म्हाताऱ्या माणसाला ढकलवत नाही. त्यातच प्रत्येक मजल्यावर दार उघडतं-मिटतं तसा दाब हलत राहतो.

पाण्याचा उपाय त्या मानाने साधा. लॉबीच्या जमिनीला शाफ्टपासून दूर उतार, पाणी वाहून न्यायला सोय आणि शाफ्टमधल्या उपकरणांना पाण्यापासून संरक्षण. वीज दुहेरी, म्हणजे मुख्य पुरवठा गेला तर जनरेटर, आणि त्या तारा आगीत तग धरतील अशा मार्गाने नेलेल्या. एरवी अमेरिकेत स्प्रिंकलर उडण्याआधी लिफ्टची वीज तोडायची पद्धत आहे. सुटकेच्या लिफ्टला ती चालत नाही, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी लिफ्ट शहाणपणाने झोपी जायची.

लिफ्टने कुणाला आधी न्यायचं

आता लिफ्टचा मेंदू. आग लागल्यावर सगळ्या मजल्यांवर बटणं दाबली जाणार हे गृहीतच आहे. साधी लिफ्ट ज्याने बोलावलं त्याच्याकडे जाते, थांबत थांबत खाली येते, आणि खरी आग असलेल्या मजल्यापर्यंत पोचायच्या आतच भरून जाते. सुटकेच्या वेळी हे उलटं करतात. ज्या मजल्यावर वर्दी मिळाली तो, त्याच्या वरचे दोन आणि खालचे दोन, असे पाच मजले आधी. त्यातही आगीचा मजला पहिला. लिफ्ट तिथून भरते आणि मध्ये कुठेही न थांबता थेट बाहेर पडायच्या मजल्यावर येते. इतर मजल्यांच्या बटणांना उत्तर मिळत नाही आणि आत बसलेल्यालाही मजला निवडता येत नाही. आग वाढली तर पाच मजल्यांचा पट्टाही वाढतो. सगळी इमारत रिकामी करायची असेल तर तो निर्णय माणूस घेतो, यंत्र नाही.

एक हिशोब मांडून बघू. समजा ५० मजली इमारतीत ४०व्या मजल्यावर आग आहे. ३८ ते ४२ या मजल्यांवर प्रत्येकी १०० म्हणजे ५०० माणसं. सहा लिफ्ट, प्रत्येकीत १५ जण, एका फेरीला भरणं-उतरणं धरून अडीच मिनिटं. सगळ्या लिफ्टच्या एका फेरीत ९० माणसं उतरतात, म्हणजे सहा फेऱ्या आणि १५ मिनिटं. तीच माणसं जिन्याने उतरली आणि मजल्याला ४८ सेकंदांची ती चाल धरली, तर पहिल्या माणसालाच ४० मजल्यांना ३२ मिनिटं. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकदम वापरतात. जिन्यात गर्दी कमी होते आणि वर चढणाऱ्या जवानांनाही वाट मिळते. धडधाकट लोकांपैकी बरेच जिन्याने जातील हे हिशोबात धरलेलंच असतं.

हे सगळं चालू असताना लॉबीत, शाफ्टमध्ये किंवा मशीनच्या खोलीत धूर जाणवला तर खेळ तिथेच संपतो. त्या लिफ्ट जुन्या नियमाने खाली जाऊन उभ्या राहतात आणि लॉबीतली माणसं शेजारच्या जिन्याकडे वळतात. लॉबीतून थेट जिना हवा, यावर एवढा भर का, ते इथे कळतं.

माणसाचा स्वभाव मात्र तारांनी बांधता येत नाही. आयुष्यभर "लिफ्ट नको" ऐकलेला माणूस धुराचा वास येत असताना बंद दारासमोर किती वेळ थांबेल? संशोधकांनी लोकांना हे विचारून पाहिलं आहे. जितकं वरच्या मजल्यावर असू तितकी थांबायची तयारी जास्त, पण वाट लांबली की लोक जिन्याकडे वळतात. म्हणून लॉबीतला फलक महत्त्वाचा. लिफ्ट चालू आहे का, किती मिनिटांत येईल, की जिनाच धरा, हे तो सांगतो. सोबत दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा फोन. मुकी लिफ्ट, मग ती कितीही सुरक्षित असो, संकटात कुणी वापरणार नाही.

कुठे आहे, कुठे नाही

अमेरिकेच्या इमारत नियमांत २००९पासून अशा लिफ्टला जागा मिळाली. ४२० फुटांहून उंच इमारतीत एक जादा जिना बांधायचा, किंवा त्याऐवजी सुटकेच्या लिफ्ट द्यायच्या. बिल्डरांना हा पर्याय रुचला तो निव्वळ दयाबुद्धीने नव्हे. जिना प्रत्येक मजल्यावरची विकाऊ जागा खातो.

क्वालालंपूरच्या ८८ मजली पेट्रोनास जोडमनोऱ्यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ४१व्या-४२व्या मजल्यांवर दोघांना जोडणारा पूल आहे. एका मनोऱ्यात आग लागली तर पुलावरून दुसऱ्यात जायचं आणि तिथून उतरायचं, अशी योजना. १२ सप्टेंबर २००१ रोजी बाँबची अफवा आली आणि दोन्ही मनोरे एकदम रिकामे करावे लागले. दोन्हीकडची माणसं पुलाकडे निघाली. दोन्ही मनोरे एकदम रिकामे करायचे तर पूल कामाचा नाही, म्हणून पुढे योजनेत लिफ्ट आल्या. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफात तर सुरुवातीपासून ठरलं होतं की कुणी जमिनीपर्यंत पायी उतरणार नाही. लोकांनी सुरक्षित आश्रयजागेपर्यंत उतरायचं आणि तिथून नेमलेल्या लिफ्टने थेट खाली यायचं. अतिउंच इमारतींत हीच रीत आता सगळ्यात व्यवहार्य मानली जाते, कारण लिफ्टला थोड्याच ठिकाणी थांबावं लागतं.

ब्रिटनमध्ये हा विषय उंचीपेक्षा अपंगत्वाच्या दारातून आला. अपंगांच्या सुटकेसाठीच्या लिफ्टचं मानक तिथे १९८०च्या दशकापासून आहे, पण ते सगळीकडे लागू करायची सक्ती नव्हती. १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. २४ मजले, एकच जिना, ७२ मृत्यू. तिथे राहणाऱ्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण गेले. लिफ्टचा ताबा अग्निशमन दलाला त्यांच्या किल्लीने घेता आला नव्हता, हेही चौकशीत पुढे आलं. लंडन शहराच्या २०२१च्या विकास आराखड्यात नव्या इमारतींत लिफ्टच्या प्रत्येक समूहामागे किमान एक सुटकेची लिफ्ट असावी, अशी अट आहे.

जगातल्या बहुतेक लिफ्ट आजही जुन्याच पद्धतीच्या आहेत. आपली लिफ्ट कुठली, हे ओळखायला यंत्राचं ज्ञान लागत नाही. लिफ्टसमोर मजल्यापासून वेगळी करणारी, आपोआप मिटणारी दारं नसतील, तिथून थेट जिना नसेल आणि सुटकेसाठी लिफ्ट वापरा असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ती साधी लिफ्ट. आगीत तिच्याकडे फिरकायचं नाही. फक्त "फायर लिफ्ट" असं लिहिलेलं असेल तर तीही आपल्यासाठी नाही, ती जवानांची. घरात किंवा ऑफिसात जिना न उतरू शकणारं कुणी असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाला तीन प्रश्न आजच विचारता येतात: त्या व्यक्तीने कुठल्या जागी थांबायचं, ती तिथे आहे हे खाली कुणाला आणि कसं कळणार, आणि तिला आणायला कोण येणार, लिफ्टने की खुर्चीवर बसवून जिन्याने. तिसऱ्या प्रश्नाला "बघू तेव्हा" असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा.